माऊथवॉश वापरायचा की नाही, आणि वापरायचा तर कुठला? बाटली घ्यायच्या आधी हे वाचा

माऊथवॉश चांगला का वाईट असं विचारलं की अर्धे लोक म्हणतात रोज वापरा, अर्धे म्हणतात अजिबात नको सगळं केमिकल आहे, आणि दोघांनीही बहुतेक वेळा बाटलीमागचं लेबल वाचलेलं नसतं. निळा, हिरवा, जांभळा असे रंग बाजूला ठेवा, आत काय आहे ते बघितलं तर ह्या एकाच नावाखाली चार-पाच वेगळ्याच गोष्टी विकल्या जातात. एक नुसती वासाची, एक किडीसाठी, एक हिरड्यांसाठी, आणि एक तर चक्क औषध आहे जे ठरावीक दिवसच वापरायचं असतं. मग फायदे-तोटे सगळ्यांचे सारखे कसे असतील? खाली ज्या क्रमाने लिहिलंय त्या क्रमाने ठरवत गेलात तर बाटली हवी का नको ते कळेल, आणि बऱ्याच जणांचं उत्तर "नको" असंच येणार आहे, आधीच सांगतो.

पायरी १: कशासाठी पाहिजे ते आधी ठरवा

"सगळे वापरतात म्हणून" हे कारण धरायचं नाही. खरी कारणं मोजकीच आहेत: तोंडाला वास येतो, हिरड्यांतून रक्त येतं, दात सारखे किडतात, दाढ काढलीय किंवा हिरडीचं काही ऑपरेशन झालंय, किंवा तोंड आलंय.

वासाचं जरा सविस्तर बोलू कारण सगळ्यात जास्त बाटल्या त्याच्यासाठीच घेतल्या जातात. वास पोटातून येतो असं खूप जणांना वाटतं, पण बहुतेक वेळा तो तोंडातूनच येत असतो. जिभेच्या मागच्या भागावर जो पांढरट थर बसतो तो, दोन दातांच्या फटी, हिरडीखालचे खड्डे, किडलेली दाढ, ह्या जागा. तिथले जिवाणू अन्नाचे कण आणि मेलेल्या पेशींमधली प्रथिनं फोडतात आणि त्यातून गंधकाचे वायू निघतात, हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन वगैरे. पुदिन्याचा वास ह्याच्यावर थोडा वेळ पांघरूण घालतो, थर जिथल्या तिथेच. म्हणून वास असेल तर पहिली खरेदी माऊथवॉशची नको, टंग क्लीनरची आणि फ्लॉसची (दातांच्या फटी साफ करायचा बारीक दोरा) करा. जीभ मागपासून पुढे हलक्या हाताने रोज साफ करायची, फटी दिवसातून एकदा साफ करायच्या, आणि दोन आठवडे असं करून बघायचं. सकाळी उठल्यावरचा वास मात्र जवळजवळ सगळ्यांनाच असतो, झोपेत लाळ कमी होते म्हणून, त्याचं टेन्शन घेऊ नका.

आपलाच वास आपल्याला कळत नाही ही मोठी पंचाईत, नाकाला सवय झालेली असते. दाढांच्या फटीतून फ्लॉस फिरवा आणि तो हुंगा, बरंच काही समजतं. किंवा घरातल्या ज्या माणसाला खरं बोलायला लाज वाटत नाही त्याला सरळ विचारा.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर बहुतेक वेळा हिरडीच्या कडेला प्लाक साचलेला असतो. इथे लोक काय करतात तर रक्त बघून घाबरतात, तिथे ब्रश लावणंच सोडून देतात आणि त्या जागी माऊथवॉश सुरू करतात, म्हणजे नेमकं उलटं. मऊ ब्रशने, न घासटता, पण त्याच जागी ब्रश करत राहायचं असतं. प्लाक म्हणजे जिवाणूंचा चिकट थर, तेलकट कढईवर नुसतं पाणी फिरवून जेवढा उपयोग होतो तेवढाच त्याच्यावर गुळणीचा होतो, वरवरचं काहीतरी हलतं पण थर घासल्याशिवाय निघत नाही. आणि तोच थर कडक होऊन टार्टर झाला असेल तर ब्रशनेही निघत नाही, डेंटिस्टकडून स्केलिंगच, म्हणजे तो खरवडून काढणं, करून घ्यावं लागतं, जगातला कुठलाही माऊथवॉश टार्टर विरघळवत नाही.

पायरी २: बाटली उलटी करा आणि मागचं वाचा

पुढच्या बाजूला "ताजेपणा", "२४ तास संरक्षण", "संपूर्ण काळजी" असं काय काय असतं, त्यातून काही कळत नाही. मागे बारीक अक्षरात घटक असतात, त्यातलं एक-दोन नावं ओळखता आली तरी पुरे.

सोडियम फ्लोराइड: हा किडीसाठी. रोजच्या वापराच्या माऊथवॉशमध्ये साधारण ०.०५ टक्के असतं, म्हणजे फ्लोराइड सुमारे २२५ पीपीएम (दहा लाख भागांत २२५ भाग). ज्यांचे दात सारखे किडतात, ज्यांना ब्रेसेस लावलेत (तारांभोवती ब्रश नीट पोचत नाही आणि तिथे पांढरे डाग पडतात), ज्यांचं तोंड औषधांमुळे किंवा रेडिएशनमुळे कोरडं पडतं, त्यांना ह्याचा खरा फायदा आहे. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था, तिचा २०१६ चा आढावा आहे, देखरेखीखाली नियमित फ्लोराइडच्या गुळण्या करणाऱ्या मुलांमध्ये पक्क्या दातांची कीड सरासरी २७ टक्क्यांनी कमी दिसली. सगळ्या प्रकारांत पुराव्याच्या बाबतीत हा प्रकार मला सगळ्यात भरवशाचा वाटतो, पण ज्याला कीड होतच नाही आणि जो दोन वेळा फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश करतो त्याला ह्यातून वेगळं फार काही मिळणार नाही.

क्लोरहेक्सिडीन: हे औषध आहे, माऊथवॉशच्या रांगेत ठेवलेलं असलं तरी. ०.१२ किंवा ०.२ टक्के असं लिहिलेलं असतं. १९७० पासून प्लाकविरुद्ध त्याचा अभ्यास होत आलाय आणि प्लाक रोखण्यात त्याच्या तोडीचं दुसरं काही फारसं नाही, कारण ते दात आणि तोंडाच्या आतल्या त्वचेला चिकटून राहतं आणि कित्येक तास हळूहळू काम करत राहतं. दाढ काढल्यावर, हिरडीच्या ऑपरेशननंतर, काही दिवस ब्रश करता येत नसेल तेव्हा ते फार कामाचं. पण रोजची सवय म्हणून वर्षभर वापरायची ही गोष्ट नाही, का ते पुढे तोट्यांत सांगतो.

सीपीसी, म्हणजे सेटिलपिरिडिनियम क्लोराइड: ०.०५ ते ०.०७ टक्के असतं, प्लाक आणि हिरडीची सूज थोडी कमी करतं, क्लोरहेक्सिडीनपेक्षा सौम्य.

इसेन्शियल ऑइल्स: थायमॉल, मेन्थॉल, युकॅलिप्टॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट ही चौकडी. तोंडात आग होणारा तो जुना ओळखीचा प्रकार हाच. ब्रशच्या जोडीला वापरला तर प्लाक आणि हिरडीची सूज थोडी कमी करतो, त्याबद्दल बरेच अभ्यास आहेत. ही तेलं पाण्यात सहज विरघळत नाहीत म्हणून जुन्या फॉर्म्युल्यात अल्कोहोल घालतात, काहींत तर २० टक्क्यांच्याही वर. लोकांना वाटतं आग होते म्हणजे जंतू मरतायत. तसं काही नाही, एवढ्या प्रमाणातलं अल्कोहोल जंतू मारायला नसतं, तेल विरघळवायला असतं, आणि बिनअल्कोहोलचे प्रकारही आता मिळतात.

झिंक: झिंक क्लोराइड, झिंक लॅक्टेट असं दिसलं तर तो वासासाठी आहे. झिंक गंधकाच्या त्या वायूंना बांधून टाकतं. वासासाठीच घ्यायचा असेल तर नुसत्या पुदिन्याच्या पाण्यापेक्षा झिंक किंवा सीपीसी असलेला बघा.

हायड्रोजन पेरॉक्साइडवाले "दात पांढरे करणारे" म्हणून विकतात. मिनिटभराच्या गुळणीने दात किती पांढरे होणार, तुम्हीच विचार करा.

ह्यातलं एकही नाव नसेल आणि फक्त पाणी, सुगंध, रंग, गोडवा एवढंच असेल तर तो कॉस्मेटिक. मीटिंगच्या आधी तोंड फ्रेश वाटावं म्हणून वापरायचा तर खुशाल वापरा, पण त्याने दात-हिरड्यांचं काही भलं होतंय असं समजू नका.

पायरी ३: आता तोटे एकेक करून बघा

डाग. क्लोरहेक्सिडीन काही आठवडे सलग वापरलं की दातांवर, जिभेवर, फिलिंगवर तपकिरी डाग पडायला लागतात, आणि चहा-कॉफी पिणाऱ्यांना जरा जास्तच. हे डाग वरचे असतात, डेंटिस्टकडे पॉलिशिंग करून निघतात, पण माणूस घाबरतो की दात सडले. शिवाय चव बिघडते, खारट लागेनासं होतं किंवा सगळंच कडवट लागतं, वापर थांबवला की चव परत येते. आणि गंमत म्हणजे प्लाक कमी करणाऱ्या ह्याच औषधाने टार्टर जास्त साठू शकतो. क्वचित कुणाला ह्याची तीव्र अ‍ॅलर्जी असते, गुळणीनंतर अंगावर गांध्या उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वासाला त्रास झाला तर लगेच हॉस्पिटल गाठायचं, आणि पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की हे सांगायचं कारण हेच रसायन ऑपरेशनच्या आधी त्वचा साफ करायलाही वापरतात.

कोरडेपणा आणि आग. अल्कोहोलवाल्या माऊथवॉशने ज्यांचं तोंड आधीच कोरडं आहे त्यांना जास्त त्रास होतो, आणि कोरडं तोंड म्हणजे वास आणि कीड दोन्हीला आमंत्रण, म्हणजे वासासाठी घेतलेली बाटली वास वाढवायला मदत करते असा उलटा प्रकार होऊन बसतो.

अल्कोहोलवाल्या माऊथवॉशने तोंडाचा कॅन्सर होतो का, हा प्रश्न हमखास येतो. ह्याच्यावर बरीच वर्षं वाद चालू आहे आणि ठोस संबंध सिद्ध झालेला नाही. पण दारू आणि तंबाखू ही तोंडाच्या कॅन्सरची पक्की कारणं आहेत हे सिद्ध आहे, त्यामुळे जो माणूस आधीच ती दोन्ही करतो त्याने त्यात तिसरी भर कशाला घालायची? बिनअल्कोहोलचा घ्यावा, विषय संपला.

आता एक कमी बोलला जाणारा मुद्दा. तोंडातले सगळे जिवाणू शत्रू नाहीत. पालेभाज्या, बीट ह्यांच्यातून जो नायट्रेट आपल्याला मिळतो त्याचं नायट्राइट करण्याचं काम जिभेवरचे जिवाणू करतात, त्यातून पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतं आणि ते रक्तवाहिन्या सैल ठेवतं. क्लोरहेक्सिडीनसारख्या कडक माऊथवॉशने हे जिवाणूही साफ होतात, आणि काही छोट्या अभ्यासांत त्यानंतर ब्लड प्रेशर थोडंसं वाढलेलं दिसलंय. अभ्यास लहान आहेत, त्यामुळे बाटली फेकून द्या असं मी म्हणणार नाही. पण "जेवढे जंतू मरतील तेवढं चांगलं" हे डोक्यातून काढून टाका, आणि बीपीचा त्रास असेल तर कारण नसताना कडक अँटिसेप्टिक दिवसातून दोन-तीनदा वापरू नका.

सगळ्यात मोठा तोटा मात्र माझ्या मते रसायनाचा नाहीच, तो म्हणजे दुखणं झाकलं जाणं. तोंड फ्रेश लागतंय म्हणजे सगळं ठीक आहे असं वाटतं आणि खाली हिरडी हाड सोडत जाते, दाढ आतून पोखरत जाते. फ्लॉसचा कंटाळा म्हणून माऊथवॉश, हा हिशोबही इथलाच. ह्याच्यावर तर कोर्टकचेरी झालेली आहे, लिस्टरीन ह्या माऊथवॉशच्या जाहिरातींत तो फ्लॉसइतकाच परिणामकारक आहे असं म्हटलं होतं आणि २००५ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने ते दावे दिशाभूल करणारे ठरवले. त्याच्याही आधी, १९७० च्या दशकात, हाच माऊथवॉश सर्दी रोखतो असे दावे वर्षानुवर्षं चालले होते आणि तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे खोट्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपनीला जाहिरातीतूनच ते खोडून काढायला लावलं. १८७९ साली सर्जरीसाठीचं अँटिसेप्टिक म्हणून बनलेली ही वस्तू, एवढ्या सगळ्या भूमिका तिला जाहिरातवाल्यांनी दिल्या. तेव्हा बाटलीच्या पुढच्या बाजूवरची वाक्यं किती मनावर घ्यायची ते बघा.

पायरी ४: तुम्ही "नको" वाल्या यादीत आहात का

सहा वर्षांखालच्या मुलांना डेंटिस्टने सांगितल्याशिवाय माऊथवॉश देऊ नका, त्यांना नीट थुंकता येत नाही, गिळतात. मोठ्या मुलांनाही आधी साध्या पाण्याने गुळणी करून थुंकायला लावा, जमलं तर मग बघा, तेही बिनअल्कोहोलचं आणि समोर उभं राहून. बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायची, गोड आणि रंगीत असते, आणि अल्कोहोलवाला माऊथवॉश पोटात गेला तर लहान मुलाला विषबाधा होऊ शकते.

दारू सोडलेल्या माणसाने अल्कोहोलवाला घेऊ नये. तोंड आलेलं असताना, तोंड सोललेलं असताना, रेडिएशन चालू असताना अल्कोहोलवाला नको, आग सहन होणार नाही. गरोदरपणात किंवा बरीच औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारून बिनअल्कोहोलचा.

पायरी ५: वापरायचं ठरलं तर असा वापरा

इथे बहुतेक जण चुकतात, कारण सगळ्यांना वाटतं ब्रश केला की लगेच माऊथवॉश. तसं करू नका! टूथपेस्टमध्ये फ्लोराइड साधारण १००० ते १५०० पीपीएम असतं आणि माऊथवॉशमध्ये २२५, किंवा नसतंच. म्हणजे दातावर राहिलेलं जास्त ताकदीचं फ्लोराइड तुम्ही कमी ताकदीच्या पाण्याने धुऊन टाकता. ब्रश झाल्यावर फेस थुंकायचा, आणि पाण्याने खळाखळा चूळ भरायची सवय असेल तर तीही सोडायची. माऊथवॉश वेगळ्या वेळी, दुपारच्या जेवणानंतर वगैरे, ही सगळ्यात सोपी वेळ.

क्लोरहेक्सिडीनचं आणखी एक आहे. टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या एसएलएसशी त्याचं जमत नाही, त्याने क्लोरहेक्सिडीनचा जोर कमी होतो, म्हणून ब्रश आणि गुळणी ह्यांच्यात निदान अर्धा तास, जमलं तर त्याहून जास्त अंतर ठेवा.

माप झाकणाने घ्यायचं, अंदाजे बाटली तोंडाला लावायची नाही. किती घ्यायचा आणि किती वेळ ते लेबलवर असतं, साधारण १० ते २० मिली आणि अर्धा ते एक मिनिट. पाणी मिसळा असं लिहिलं असेल तरच मिसळा, नाहीतर घटकाचं प्रमाण घसरतं. तोंड बंद ठेवून गाल फुगवत फटींतून खुळखुळवायचं, दोन्ही बाजूंना, मग थुंकायचं. गिळायचं नाही. त्यानंतर पाण्याने चूळ नको आणि अर्धा तास खाणंपिणं नको, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात.

दाढ काढली असेल तर पहिले २४ तास कुठलीच गुळणी करायची नाही, ना माऊथवॉशची ना मिठाच्या पाण्याची. तिथे रक्ताची जी गाठ बसलेली असते ती निघाली तर आतलं हाड उघडं पडतं आणि भयंकर ठणकतं. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर सांगतील तसं, तेही जोरात नाही, पाणी नुसतं तोंडात फिरवायचं आणि हळूच सोडून द्यायचं.

दमा असेल आणि स्टेरॉइडचा इनहेलर घेत असाल तर पंपानंतर साध्या पाण्याने गुळणी करून थुंकायचं असतं, तोंडात बुरशी होऊ नये म्हणून. त्याला माऊथवॉशच हवा असं नाही, पाणी चालतं.

तोंड आलं असेल किंवा हिरडी थोडी दुखत असेल तर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, ग्लासभर पाण्याला, दिवसातून दोन-तीनदा. बरं वाटतं, डाग पडत नाहीत, आग फारशी होत नाही. दोन-चार दिवसांसाठी बाटली विकत घेण्यापेक्षा हे कधीही बरं.

पायरी ६: तारीख टाका आणि बघत राहा

बाटली उघडली त्या दिवशी झाकणावर पेनने तारीख लिहा. क्लोरहेक्सिडीन असेल तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपले की बंद, बाटलीत उरलंय म्हणून पुढे ओढायचं नाही. दिवस सांगितले नसतील तर फोन करून विचारा. फ्लोराइडवाला महिनोन्‌महिने चालतो, पण सहा-आठ महिन्यांनी डेंटिस्टला दाखवताना विचारायचं की अजून गरज आहे का, ब्रेसेस निघाले की बऱ्याचदा ती संपलेली असते.

वासासाठी किंवा हिरड्यांसाठी घेतला असेल तर दोन आठवडे जीभ, फ्लॉस, ब्रश आणि माऊथवॉश असं सगळं नीट करा. फरक नाही पडला तर ब्रँड बदलत बसू नका, तपासून घ्या. टॉन्सिलमधले खडे, सायनस, कोरडं तोंड, नियंत्रणात नसलेली शुगर, एखादं चालू औषध, ह्यातलं काहीही निघू शकतं. रक्त थांबत नाही, दात हलायला लागलाय, हिरडीतून पू येतोय, ह्यासाठी तर दोन आठवडे थांबूही नका. आणि तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर दुखत नसला तरी दाखवायचाच.

तपासायला जाताना घटकांच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढून न्या. वासासाठी दाखवायला जाणार असाल तर त्या दिवशी सकाळी माऊथवॉश, च्युइंगगम, सुवासिक गोळ्या काहीच वापरू नका, लाज वाटली तरी, नाहीतर डॉक्टर तुमचा पुदिनाच तपासतील.